संगणकाची घटकाभराची आठवण



गेल्या पावसाळ्यांत घडलेली एक लहानशी गोष्ट सांगून मी आजच्या विषयास प्रारंभ करतों. आमच्या शेजारीं एक विधवा बाई राहतात. चार घरचा स्वयंपाक करून त्या आपल्या मुलीला शिकवीत आहेत. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कागदावर देतां येत नव्हता; तो संगणकावरूनच भरावयाचा होता. मी निवृत्त शाळामास्तर असल्यामुळें तें काम माझ्याकडे आलें. बाई त्या दिवशीं कामावर खाडा करून, कागदपत्रांची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. अर्जाचे तीन भाग होते. पहिले दोन भाग सुरळीत भरून झाले. तिसऱ्या भागांत उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक विचारलेला होता, आणि नेमका तोच दाखला पिशवींत सांपडेना. बाई घरीं जाऊन ट्रंकेंतून तो शोधून घेऊन आल्या. मग मीं एकेक रकाना दोनदां तपासून भरला आणि सुमारें चाळीस मिनिटांनंतर शेवटचें बटण दाबलें. पडद्यावर उत्तर उमटलें, "आपलें सत्र समाप्त झालें आहे. कृपया पुन्हां प्रवेश करावा." पुन्हां प्रवेश करून पाहतों तों तिन्ही भाग कोरे ! तोंवर बाईंची संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ झाली होती. दुसऱ्या दिवशीं सगळें पहिल्यापासून करावें लागलें, आणि त्यापायीं बाईंचा आणखी एक खाडा झाला. खाड्याचे पैसे ज्यांच्या पगारांतून कापले जातात, त्यांनाच या गोष्टीची खरी किंमत कळेल.

मीं त्यांची क्षमा मागितली. माझे हात सावकाश चालतात म्हणून हें घडलें, अशी माझी समजूत होती. रात्रीं माझी सून कामावरून परत आली. बँका, विमाकंपन्या आणि तत्सम मोठ्या संस्था यांच्यासाठीं जावा नांवाच्या संगणकभाषेंत व्यवस्था रचण्याचें काम ती करते. सर्व हकीकत ऐकून ती म्हणाली, "अण्णा, चूक तुमच्या हातांची नाहीं. जें जपून ठेवायला हवें होतें, तें त्या लोकांनीं चुकीच्या जागीं ठेवलें होतें." ती योग्य जागा कोणती आणि चुकीची कोणती, हें त्यापुढील आठ-दहा रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें मला समजावून दिलें. माझें शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेलें नाहीं. परंतु जन्मभर मुलांना शिकविल्यामुळें, न समजलेली गोष्ट समजली असें म्हणण्याची मला संवय नाहीं. जेवढें पुरतेपणीं समजलें, तेवढेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आपण घरीं बसून एखाद्या संस्थेचें पान मागवितों, तेव्हां आपला संगणक आणि त्या संस्थेचा दूरवरचा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, यांच्यामध्यें टेलिफोनवरील बोलण्यासारखा अखंड संवाद चालू नसतो. एक मागणी जाते, एक उत्तर येतें, आणि व्यवहार तेथेंच संपतो. कल्पना करा कीं, एका कचेरीच्या खिडकीशीं एक कारकून बसला आहे. विचाराल त्याचें अचूक उत्तर तो देतो. पण आपण पाठ फिरविली कीं, तत्क्षणीं आपणांस विसरतो. दुसऱ्या क्षणीं पुन्हां त्याच खिडकीशीं गेलांत, तरी त्याच्या लेखीं आपण नवे गृहस्थ !

ही विस्मरणशील पद्धति कोणाच्या अज्ञानामुळें निर्माण झालेली नाहीं. १९८९ सालीं जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं निरनिराळ्या संगणकांवरील लेख परस्परांशीं जोडण्याची योजना मांडली. त्या योजनेंतून, १९९१ च्या सुमारास, मागणी आणि उत्तर यांचे जे नियम प्रचारांत आले, त्यांना एचटीटीपी असें नांव आहे. शास्त्रज्ञांनीं एकमेकांचे लेख सुलभपणें वाचावे, एवढाच त्या वेळचा हेतु होता. लेख मागणाऱ्यास लेख द्यावयाचा. त्यानें काल काय वाचलें, याच्याशीं काय कर्तव्य? उलट, कोणाचीच आठवण ठेवावयाची नसल्यामुळें तो कारकून थोड्या बळावर हजारों लोकांची सेवा करूं शके. विस्मरण हा त्याचा दोष नव्हता. ती त्याची सोय होती.

अडचण आली ती व्यापार सुरू झाल्यावर. दुकानांत गिऱ्हाइकानें पहिली वस्तु निवडली. दुसरी निवडतांना दुकानदार पहिली विसरला, तर व्यवहार व्हावा कसा? १९९४ सालीं अमेरिकेंतील नेटस्केप कंपनीचे लू माँटुली यांच्यापुढें हाच प्रश्न उभा राहिला. एमसीआय नांवाच्या दूरध्वनि-कंपनीला अर्धवट राहिलेले व्यवहार आपल्या सर्व्हरवर सांभाळीत बसावयाचें नव्हतें. माँटुली यांनीं तोड काढली ती अशी : सर्व्हरनें उत्तराबरोबर एक लहानशी चिठ्ठी पाठवावी, ब्राउझरनें ती जपून ठेवावी आणि त्याच सर्व्हरकडे जाणाऱ्या पुढील प्रत्येक मागणीबरोबर ती दाखवावी. या चिठ्ठीला कुकी हें नांव पडलें. आपण तिला बिल्ला म्हणूं. देवळाबाहेर पादत्राणें सांभाळणारा मनुष्य आपला चेहरा लक्षांत ठेवीत नाहीं. तो बिल्ल्यावरील क्रमांक पाहतो. विसराळू कारकुनाचेंही तसेंच झालें.

आतां जावाकडे वळूं. ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९९५ सालीं प्रसिद्ध केली. संकेतस्थळाच्या मागण्यांना उत्तरें देणारे जावामधील जे कार्यक्रम, त्यांना सर्व्हलेट म्हणतात. त्यांचे नियम १९९७ पासून प्रसिद्ध होऊं लागले. मोठ्या संस्थांच्या कामासाठीं या भाषेची एक विस्तृत नियमावली १९९९ च्या अखेरीस तयार झाली. २०१० सालीं ओरॅकल कंपनीनें सन कंपनी विकत घेतली. २०१७ सालीं ही नियमावली एक्लिप्स फाउंडेशनच्या हवालीं करण्याचें ठरलें, आणि २०१८ पासून ती जकार्ता या नांवानें ओळखली जाते. मालक बदलले, नांव बदललें. पण आपल्या विषयापुरती जी मूळ व्यवस्था आहे, ती प्रारंभापासून बहुतांशीं तशीच राहिली आहे.

ती व्यवस्था अशी. कारकुनाच्या पाठीमागें एक मोठें फडताळ आहे आणि त्याला असंख्य कप्पे आहेत. आपण प्रथम आलांत कीं, तो एक कप्पा आपल्या नांवें उघडतो, त्यावर एक क्रमांक घालतो आणि तोच क्रमांक असलेला बिल्ला आपणांस देतो. या कप्प्याला एचटीटीपी-सेशन म्हणतात, आणि त्याच्या या आयुष्यालाच आपल्या पडद्यावर 'सत्र' असें म्हटलेलें असतें. बिल्ल्याचें रूढ नांव जेसेशनआयडी. कप्प्यांत एक पाटी आहे असें समजा. तिच्यावर कारकून नांव आणि वस्तु अशा जोडीनें नोंदी करतो : 'वापरणारा – अमुक', 'निवडलेली भाषा – मराठी', 'अर्जाचा पहिला भाग – असा असा'. पुढच्या खेपेस बिल्ला दाखवितांच तो पाटी काढतो, वाचतो आणि जणूं कालपासून ओळखत असल्याप्रमाणें बोलूं लागतो. येथें एक मर्म आहे. बिल्ल्यावर फक्त क्रमांक असतो. आपली माहिती त्यावर नसते. ती सर्व माहिती खिडकीपलीकडे असते.

मग ही पाटी कारकून कायमची कां ठेवीत नाहीं ? याचें पहिलें कारण जागेची टंचाई. हे कप्पे बहुधा संगणकाच्या चालू स्मृतींत असतात, आणि ती स्मृति मर्यादित व महाग असते. समजा, एका पाटीवरील मजकूर ५० किलोबाइट भरला आणि एका वेळीं २०,००० लोक आले, तर सुमारें १ गिगाबाइट जागा केवळ पाट्यांनींच व्यापली. एखाद्या उतावळ्या कार्यक्रमकारानें हाताशीं सांपडेल तें पाटीवर लिहिलें आणि तोच मजकूर २०० किलोबाइटवर गेला, तर ४ गिगाबाइट लागतील. शिवाय लोक निरोप घेऊन जात नाहींत. आपण खिडकी बंद करतों, ब्राउझर मिटतों, वीज जाते. यांतील कांहींही कारकुनाला कळत नाहीं. म्हणून त्यानें नियम केला कीं, अमुक काळ कोणी बिल्ला दाखविला नाहीं, तर ती पाटी पुसून टाकावयाची. टॉमकॅट नांवाचा जो जावा-सर्व्हर पुष्कळ ठिकाणीं वापरतात, त्यांत ही मुदत, वेगळें सांगितलें नसेल तर, ३० मिनिटांची असते. आपली जुनी घटका २४ मिनिटांची. म्हणजे ही आठवण बरोबर सव्वा घटकेची झाली.

दुसरें कारण सुरक्षिततेचें. सार्वजनिक ठिकाणच्या संगणकावर कोणी बँकेचें पान उघडें टाकून निघून गेला, तर मागून येणाऱ्याच्या हातीं त्याचा खजिनाच लागावयाचा. म्हणून जेथें पैशाचा संबंध असतो, तेथें ही मुदत आणखी कमी ठेवण्याची वहिवाट आहे, आणि ती योग्यच आहे.

आतां माझ्या चाळीस मिनिटांचा उलगडा होईल. मुदत मोजली जाते ती शेवटच्या मागणीपासून. आपल्या शेवटच्या अक्षरापासून नव्हे. मी रकाने भरीत होतों, अक्षरें तपाशीत होतों. परंतु हें सर्व माझ्या टेबलावर चाललें होतें. खिडकीपलीकडे एक अक्षरही पोंचत नव्हतें. कारकुनाच्या दृष्टीनें मी केव्हांच निघून गेलों होतों. त्यानें पाटी पुसली, आणि अर्जाचे पहिले दोन भाग त्या पाटीवरच लिहिलेले असल्यामुळें तेही पुसले गेले. तिसरा भाग बटण दाबतांच त्याच्याकडे गेला खरा. पण बिल्ल्याशीं जुळणारा कप्पा नसल्यामुळें त्यानें तो न वाचतांच टाकून दिला आणि मला प्रवेशद्वाराकडे परत धाडलें. तेथें जलद हाताचा तरुण असता आणि दाखला शोधण्यांत त्याचाही वेळ गेला असता, तरी हेंच घडलें असतें.

एवढ्यानें विषय संपत नाहीं. आतांपर्यंत आपण एकच खिडकी मानली. मोठ्या संस्थेच्या कामाला एक सर्व्हर पुरत नाहीं; दहा-वीस खिडक्या एकाच वेळीं उघडाव्या लागतात, आणि दाराशीं एक शिपाई उभा राहून येणाऱ्यांना मोकळ्या खिडकीकडे पाठवितो. या शिपायाला लोड बॅलन्सर म्हणतात. आतां प्रश्न असा कीं, पहिल्या खेपेस आपली पाटी तिसऱ्या खिडकीपाठीमागें राहिली, आणि दुसऱ्या खेपेस शिपायानें आपणांस सातव्या खिडकीकडे धाडलें, तर तो कारकून आपणांस ओळखणार कसा ? याला चार उत्तरें आहेत, आणि प्रत्येक उत्तराची किंमत निराळी आहे.

पहिलें उत्तर सर्वांत सोपें. शिपायानें बिल्ला पाहून मनुष्यास नेहमीं त्याच्या मूळच्या खिडकीकडेच पाठवावें. याला चिकट सत्र म्हणतात. यांत खर्च थोडा आणि वेग चांगला. परंतु ती खिडकी अचानक बंद पडली, तर तेथील सर्व पाट्या तिच्याबरोबर जातात. कांहीं दुरुस्तीसाठीं सर्व्हर बंद करून पुन्हां चालू करावयाचा झाला, तरी तोच प्रसंग ओढवूं शकतो.

दुसरें उत्तर प्रतींचें. एका कारकुनानें पाटीवर लिहिलें कीं, त्याची प्रत इतर खिडक्यांकडे धाडावयाची. टॉमकॅटमध्यें याचे दोन प्रकार आहेत : एकांत प्रत्येक पाटीची प्रत सर्व खिडक्यांकडे जाते, दुसऱ्यांत ती एकाच राखीव खिडकीकडे जाते. तीन-चार खिडक्यांपुरता पहिला प्रकार ठीक आहे. वीस खिडक्या झाल्या, तर कारकुनांचा निम्मा दिवस एकमेकांच्या पाट्या उतरवून घेण्यांतच जावयाचा. यासाठीं पाटीवरील प्रत्येक वस्तु तारेंतून धाडतां येईल अशा रूपांत मांडतां आली पाहिजे. या मांडणीला सीरिअलायझेशन म्हणतात. एकाच यंत्रावर महिनोंमहिने बिनबोभाट चाललेला कार्यक्रम दोन यंत्रांवर नेतांच कोसळतो, याचें एक कारण येथें सांपडतें : कोणीतरी पाटीवर अशी वस्तु ठेविलेली असते कीं, जी त्या यंत्राबाहेर जाऊंच शकत नाहीं. आणखी एक बारकावा आहे. पुष्कळ व्यवस्थांत नवी नोंद विधिपूर्वक केली तरच प्रत धाडली जाते. जुन्या वस्तूच्या पोटांत परस्पर फेरफार केला आणि नोंद पुन्हां केली नाहीं, तर मूळ पाटी एक सांगते आणि प्रत दुसरेंच सांगते.

तिसरें उत्तर सामायिक कोठाराचें. कोणत्याच खिडकीमागें पाटी ठेवावयाची नाहीं. सर्व पाट्या एका मधल्या कोठारांत ठेवावयाच्या, आणि कोणत्याही कारकुनानें बिल्ल्याच्या क्रमांकावरून तेथून पाटी मागवावयाची. हें कोठार म्हणून नेहमींचें माहितीभांडार, ज्याला डेटाबेस म्हणतात, तें वापरतां येतें. किंवा इटलीचे साल्वातोरे सानफिलिप्पो यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या रेडिससारखें, चालू स्मृतींत माहिती ठेवणारें आणि ठराविक मुदतीनंतर ती आपोआप पुसणारें कोठार वापरतात. या पद्धतीनें खिडक्या वाटेल तेव्हां उघडाव्या, वाटेल तेव्हां मिटाव्या. कोणाची आठवण जात नाहीं. मात्र प्रत्येक खेपेस कोठारापर्यंत हेलपाटा पडतो, आणि कोठारच बंद पडलें तर सर्वच खिडक्या एकदम आंधळ्या होतात. म्हणून त्या कोठाराचीही दुसरी प्रत जय्यत ठेवावी लागते.

चौथें उत्तर माँटुली यांच्या मूळ कल्पनेच्या जवळ जाणारें आहे. कचेरीनें कांहींच ठेवूं नये. सर्व नोंद एका कागदावर लिहून, त्यावर मोहोर उठवून, ती आपल्याच हातीं द्यावी. पुढच्या खेपेस कारकून फक्त मोहोर तपासून पाहील. या मोहोरबंद कागदाचा जेडब्ल्यूटी नांवाचा एक नमुना २०१५ सालीं प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. यांत फडताळाचा प्रश्नच उरत नाहीं. परंतु साध्या रूपांत ही मोहोर खाडाखोड उघडी पाडते, मजकूर झांकीत नाहीं. कागद हातीं पडेल तो तो वाचूं शकतो. कुकीच्या चिठ्ठींत साधारण चार किलोबाइटांहून अधिक मजकूर मावतही नाहीं. शिवाय एकदां दिलेला कागद मुदतीपूर्वीं रद्द करावयाचा झाला, तर रद्द कागदांची यादी ठेवणें आलें. म्हणजे टाळलेलें फडताळ मागच्या दारानें पुन्हां घरांत आलें.

ही चार उत्तरें ऐकून मीं सुनेला विचारलें, "मग यांतलें उत्तम कोणतें ?" ती म्हणाली, "अण्णा, पाटी हरवली तर कोणाचें किती नुकसान होईल, हें आधीं ठरवावें लागतें." तिचें हें उत्तर मला फार महत्त्वाचें वाटतें, आणि त्याच्याकडे मी शेवटीं येणारच आहें. तत्पूर्वीं दोन धोके सांगतों.

पहिला धोका बिल्ला चोरीस जाण्याचा. कारकून चेहरा पाहत नाहीं, बिल्ला पाहतो. म्हणून ज्याच्या हातीं बिल्ला, तोच त्याच्या लेखीं मालक. गुप्तशब्द ठाऊक नसला तरी चालतो. २०१० च्या ऑक्टोबर महिन्यांत एरिक बटलर या अमेरिकन कार्यक्रमकारानें फायरशीप नांवाचें एक लहानसें साधन प्रसिद्ध करून ही गोष्ट जगाच्या नजरेस आणून दिली. उपाहारगृहांतील खुल्या वायरलेस जाळ्यावर बसलेला कोणीही मनुष्य, शेजारच्या टेबलावरील गृहस्थाचा बिल्ला हवेंतल्या हवेंत टिपून, त्याच्या नांवानें फेसबुकवर वावरूं शके. पुढच्याच जानेवारींत फेसबुकनें संपूर्ण वापर सांकेतिक लिपींतून, म्हणजे एचटीटीपीएस मार्गानें, करण्याची सोय दिली. आणि कालांतरानें तो मार्ग सर्वत्र रूढ झाला. जावाच्या नियमावलींतही तरतुदी झाल्या. पानावरील परक्या कार्यक्रमांस बिल्ला वाचतां येऊं नये, अशी खूण त्यावर करण्याची सोय २००९ च्या नियमांत आली. प्रवेश करतेवेळीं जुना क्रमांक बदलून नवा देण्याची सुटसुटीत सोय २०१३ च्या नियमांत आली. कारण एखादा ठक आपल्या माहितीचा बिल्ला आधींच आपल्या हातीं सरकवून ठेवतो आणि आपण प्रवेश केल्यावर तोच क्रमांक वापरून आंत शिरतो. बिल्ल्याचा क्रमांक कोणास तर्कानें काढतां येऊं नये, म्हणून टॉमकॅट तो यदृच्छेनें निवडलेल्या ३२ अंकाक्षरांचा करतो. कुकी बंद असेल तर हा क्रमांक पानाच्या पत्त्यांतच घालण्याची एक जुनी रीत आहे; पण आपण तो पत्ता मित्रास पाठविला, तर त्याबरोबर बिल्लाही जातो, म्हणून जाणते लोक ती टाळतात.

दुसरा धोका एका बिल्ल्यावर दोन कामें करण्याचा. एकाच ब्राउझरमध्यें आपण दोन पानें उघडलीं, तरी बिल्ला एकच असतो आणि पाटीही एकच. समजा, एका पानावर आपण नागपूरची गाडी निवडली. मग तुलनेसाठीं दुसऱ्या पानावर नाशिकची पाहिली. व्यवस्था रचणाऱ्यानें 'निवडलेली गाडी' ही नोंद पाटीवर ठेविली असेल, तर नाशिकनें नागपूर पुसलें. आपण पहिल्या पानावर परत येऊन पैसे भरतां, आणि तिकीट निघतें नाशिकचें ! ज्या पानावरील निवड, ती त्या पानाच्या मागणीबरोबरच धाडावी. पाटीवर ठेवूं नये, हा त्यावरील उपाय होय.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. शाळेंत आम्ही मुलांना सांगत असूं कीं, आंकडेमोड पाटीवर करावी, पण उत्तर वहींत उतरवावें. पाटी पुसण्यासाठींच असते. या व्यवस्थांनाही तोच नियम लागू आहे. आत्तां कोणी प्रवेश केला आहे, त्यानें कोणती भाषा निवडली आहे, तो कोणत्या पायरीवर आहे, असल्या नोंदी पाटीवर खुशाल ठेवाव्या. त्या पुसल्या गेल्या तर फार तर पुन्हां प्रवेश करावा लागेल. परंतु मनुष्यानें स्वतःच्या श्रमानें जें लिहिलें, तें पाटीवरचें नव्हे. अर्जाचा पहिला भाग पुरा होतांच तो डेटाबेसच्या पक्क्या वहींत, 'अपुरा अर्ज' अशा शिक्क्यानिशीं, नोंदला गेला पाहिजे. मग पाटी तीस मिनिटांनीं पुसा कीं दहा मिनिटांनीं पुसा. पुन्हां प्रवेश करतांच अर्ज जेथें सोडला तेथून पुढें चालू होईल. सुरक्षितता आणि सोय यांच्यांत येथें भांडण नाहीं. जें विसरावयाचें आणि जें जपावयाचें, अशा दोन्ही गोष्टी एकाच कप्प्यांत कोंबल्या, म्हणजेच तें भांडण उभें राहतें.

ही केवळ माझी किंवा माझ्या सुनेची अपेक्षा नव्हे. संकेतस्थळें सर्वांना, विशेषतः अपंगांना, वापरतां यावींत म्हणून डब्ल्यूथ्रीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २००८ सालीं जे निकष प्रसिद्ध केले, त्यांत मुदतीचा विचार स्पष्टपणें केला आहे. मुदत संपण्यापूर्वीं सूचना द्यावी आणि एखादी कळ दाबण्यासारख्या सोप्या कृतीनें ती वाढविण्यास निदान २० सेकंद द्यावे, हा तेथें सुचविलेला एक मार्ग आहे. आणि तो प्राथमिक पातळीच्या अपेक्षांत मोडतो. सत्र संपल्यावर पुन्हां प्रवेश करणाऱ्यास, भरलेली माहिती न गमावतां काम पुढें चालू करतां यावें, ही अपेक्षाही त्याच निकषांत आहे. मात्र ती सर्वांत वरच्या पातळीवर ठेवलेली आहे. ज्यांचे डोळे अधू आहेत, ज्यांचे हात कांपतात, किंवा ज्यांना दाखला शोधायला घरीं जाऊन यावें लागतें, त्यांच्यासाठीं मात्र ही वरच्या पातळीची गोष्टच पहिल्या गरजेची आहे.

आपल्यासारख्या वापरणाऱ्यांनीं काय करावें ? मोठा अर्ज भरण्यापूर्वीं सर्व कागद हाताशीं ठेवावे. 'जतन करा' असें बटण असेल, तर प्रत्येक भागानंतर तें दाबावें, कारण तें दाबतांच खिडकीपलीकडे आपली वर्दी पोंचते. लांबलचक मजकूर आधीं दुसरीकडे लिहून मग तेथें उतरवावा. एकाच कामाचीं दोन पानें एकाच वेळीं उघडूं नयेत. आणि काम संपल्यावर, विशेषतः घराबाहेरच्या संगणकावर, नुसती खिडकी न मिटतां 'बाहेर पडा' हें बटण अवश्य दाबावें. म्हणजे कारकून पाटी तेव्हांच पुसतो आणि बिल्ला निकामी होतो.

व्यवस्था रचणाऱ्या तरुण मंडळींपैकीं कोणी हें भाषण ऐकत असतील, तर त्यांना एका म्हाताऱ्या मास्तराची एवढीच विनंति आहे. पाटीवर कांहीं लिहिण्यापूर्वीं स्वतःस विचारावें : हें पुसलें गेलें, तर पलीकडच्या माणसाला पुन्हां किती वेळ बसावें लागेल ? उत्तर एका मिनिटाचें असेल, तर पाटी पुरे. त्याहून अधिक असेल, तर वही उघडावी.

शेजारच्या मुलीचा अर्ज दुसऱ्या दिवशीं वेळेंत पोंचला. त्या दिवशीं मीं सर्व कागद आधींच टेबलावर मांडून ठेविले होते, आणि बाई घड्याळ घेऊन माझ्याशेजारीं बसल्या होत्या. दर दहा मिनिटांनीं त्या मला आठवण करीत, आणि मी 'जतन करा' हें बटण दाबीत असें. तें बटण आदल्या दिवशींही पानाच्या तळाशीं होतें. पण पहिले दोन भाग आपोआप सांभाळले जात आहेत अशा भरंवशावर मीं त्याच्याकडे पाहिलेंच नव्हतें. अर्ज पुरा झाल्यावर मात्र मीं आठवणीनें 'बाहेर पडा' हें बटण दाबलें, आणि मगच बाईंनीं आपले कागद पुन्हां पिशवींत भरले.